खुशी, सांग आबाजीले

नाटक लिहाले काय लागते? दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली का रातभर बसून नाटकं पाहणारी बाई मी. म्हणून देवरीच्या रेडिओ केंद्रात बायांसाठी नाटक लिहाचा वर्ग निघाला, तेव्हा सर्वांत पहिलं नाव मी देलं. मनात म्हटलं, मले कोण काय शिकवते!

विषय शोधत बसाची गरज नव्हती, घरातच पेटला होता. माह्या आचलचा गोंदियाच्या नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. सोमवारी हजर नाई झाली त जागा दुसरीले जाणार. आणि आमचे भासरे, म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ केशोराव, बोलून बसले का पोरगी होस्टेलात राहणार नाई. आमच्या घरात ते बोलले का विषय मिटला. आचलचे बाबूजी मान खाली घालून धानाच्या बांधीवर निघून गेले. पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली, जेवाले उठली नाई.

मी गप्प नाई बसली. पण आमच्याकडे लहान भावाची बायको भासऱ्यांशी तोंडाले तोंड देऊन बोलत नाई. डोक्यावर पदर घ्याचा, दाराआड उभं राहाचं आणि जे सांगाचं ते लेकराले सांगाचं. खुशी त्यांची नात. 'खुशी, सांग आबाजीले, जेवण वाढलं.' खुशी नसली त मांजर चालते, मांजर नसली त भिंत. भासरे सगळं ऐकतात आणि उत्तर बी खुशीलेच देतात. लग्न होऊन आली तेव्हापासून असंच चालून राहिलं, कोणाले काही वावगं वाटलं नाई. तशीच या वेळी बी मी दाराआडून बोलली. खुशी, सांग आबाजीले, पोरगी हुशार हाये. खुशी, सांग आबाजीले, तिचं नुकसान नोका करू. चांगली रागानं बोलली, दार धरून.

तेच मी नाटकात लिहिलं, जसंच्या तसं.

वर्ग निशा मॅडम घेत. गोंदियाच्या, जवान पोरगी, बोलता बोलता हिंदीत शिरणारी. त्यांची पद्धत अशी का नाटक दुसऱ्या कोणी वाचाचं आणि त्यांनी डोळे मिटून ऐकाचं. माहं वाचून झालं. मॅडमनं डोळे उघडले आणि मले म्हणाल्या, "मंदाताई, ही बाई या छोट्या मुलीवर एवढी का भडकली आहे?"

बाकीच्या बाया समजल्या होत्या, त्या खाली पाहू लागल्या. माहं त डोस्कंच फिरलं. म्हटलं, पोरीवर कोण भडकलं? ती भासऱ्यांशी बोलून राहिली. मॅडमनं इचारलं, भासरे कुठे आहेत मग? म्हटलं, तिथंच खाटेवर, मी लिहिलं ना, बाई दाराआडून त्यांच्याकडं पाहते. मॅडम म्हणाल्या का रेडिओवर पाहणं ऐकू येत नाही. ज्याच्याशी भांडायचं त्याला हाक मारू द्या.

"आमच्याकडं असं कोणी बोलत नाई," मी म्हटलं. "लिहिलं त खोटं होईन."

"मग तिला खरं बोलता येतं का, ते घरी जाऊन बघा," मॅडम म्हणाल्या.

बसमध्ये बसेपर्यंत मी त्यांचा उद्धार करत होती. मोठी शहाणी! हिचं लग्न नाई झालं, हिले काय ठाव भासरा काय असते ते!

घरी येऊन लिहाले बसली. बाई भासऱ्यांले हाक मारते असं लिहाचं होतं आणि पेन तिथंच अडला. काय म्हणून हाक मारू? आचल त्यांले मोठे बाबूजी म्हणते, तिचे बाबूजी दादा म्हणतात. माह्यापाशी त्यांच्यासाठी शब्दच नव्हता. एका चुलीवरचं खाऊन राहिलो आम्ही, आणि मी त्या माणसाले कधी हाकच मारली नव्हती. मले रडू आलं. पोरीसाठी भांडली, भांडली म्हणून मी सोताची पाठ थोपटून राहिली होती, आणि भांडली होती कोणाशी? पाच वर्सांच्या खुशीशी.

रविवारी खुशी तिच्या मायसंगं सौंदडले मामाकडं गेली होती. भासरे आंगणात दोर वळत बसले होते. मी दार सोडलं, पदर सावरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा," मी म्हटलं. उसना शब्द, पण तोच घेतला.

त्यांचा हात थांबला. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, खुशी कुठं दिसते का.

"दादा, मी तुमच्याशीच बोलून राहिली. आचल होस्टेलात राहीन. मी तिची माय हाये, उद्या मी तिले घेऊन जाऊन राहिली."

हातातला पीळ सुटत गेला. मले वाटलं, आता उठून जातीन, नाई त भिंतीले सांगतीन.

"खुशीजवळ सांगत होतीस," ते शेवटी बोलले, "तेव्हा मले वाटलं, पोरीच्या हट्टापायी बोलाचं म्हणून बोलते. तुह्या मनात हाये असं वाटलं नाई."

"मनात होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाई. दोर पुन्हा हातात घेतला आणि म्हणाले, "तिची पेटी जड होईन. बसपर्यंत मी आणून देतो."