निंबखेड्याच्या वेशीवरचा तांब्या

शर्यत होऊन तीन दिवस उलटले, तरी लीलाधरच्या डोळ्यांपुढून ती पाठ हलत नव्हती. घामाने अंगाला चिकटलेले मातकट बनियन, आणि खाली धुळीने माखलेले दोन अनवाणी पाय. गेली दोन वर्षे कॉलेजच्या दहा मैलांच्या शर्यतीत त्याने आपल्यापुढे कोणाची पाठ पाहिली नव्हती. १९५६ च्या त्या जानेवारीत मात्र एरंडोल रस्त्यावर शेवटचे तीन मैल त्याला दुसरे काही दिसलेच नाही.

पाठ अभिमनची होती. अभिमन निंबखेड्याच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, वसतिगृहात राहणारा, वर्गात मागच्या बाकावर बसणारा. तो धावतो हे कोणाला ठाऊकही नव्हते. आणि हाच माणूस नेमका याच वर्षी आडवा आला होता. सलग तीन वर्षे शर्यत जिंकणाऱ्याकडे करंडक कायमचा राहतो, असा कॉलेजचा रिवाज होता. लीलाधरच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, दाणाबाजारातल्या आपल्या दुकानात गादीच्या वरची फळी त्यासाठी रिकामी करून ठेवली होती. ती अजून रिकामीच होती.

"काय लीलाधरशेठ," वर्गातल्या गिरधरने कँटीनमध्ये त्याला डिवचले होते, "फळीवर आता काय ठेवणार? गुळाची ढेप?"

सगळे हसले. कोपऱ्यात चहा पीत बसलेला अभिमन मात्र हसला नाही, आणि त्याचे ते न हसणे लीलाधरला सर्वांत जास्त झोंबले.

त्याच दुपारी त्याने तक्रार लिहिली. शर्यतीचे नियम त्याला तोंडपाठ होते. जिमखान्याच्या फलकावर लावलेली नियमांची प्रत त्याच्याच वळणदार अक्षरातली होती. कलम सातवे : स्पर्धकाने वाटेत कोणाकडूनही अन्न, पाणी वा अन्य साहाय्य घेऊ नये; घेतल्यास त्याचे पारितोषिक रद्द होईल. गिरणा नदीच्या काठावरून मागे वळल्यानंतर, सातव्या मैलाला, निंबखेड्याच्या वेशीवर एक बाई घागर घेऊन उभी होती. भोवती सगळे गाव लोटले होते. अभिमन तिच्यापुढे क्षणभर थांबला, तिचा तांब्या त्याच्या तोंडाशी गेला, पाणी खाली सांडले. लीलाधरने हे शंभर पावलांवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तसेच त्याने लिहिले.

एक गोष्ट त्याने लिहिली नाही. शंभर पावले संपल्यावर तोच तांब्या त्याच्याहीपुढे आला होता, आणि तो दोन घोट प्याला होता. पण आपण पाणी मागितले कुठे, तांब्याच ओठांशी आला, असे त्याने मनाला बजावले होते. शिवाय त्या दोन घोटांनी आपण जिंकलो थोडेच? नियम मोडून जो जिंकला, त्याची गोष्ट वेगळी.

आणि खरे सांगायचे, तर पाण्याचे त्याला फारसे काही नव्हते. त्याला सलत होते ते गाव. पोरे झाडावर चढलेली, म्हातारे पारावर उभे, "अभिमन! अभिमन!" असा गजर. दोन वर्षे लीलाधर जिंकला, तेव्हा दुकान बंद करून नाना एकदाही आले नव्हते.

जिमखान्याचे प्रमुख काबरे सर गणित शिकवत. तक्रार वाचून ते म्हणाले, "कागदावरून निकाल फिरवायचा नसतो. पाणी देणाऱ्या बाईंनाच बोलावू."

बाई अभिमनची आई निघाली. यशोदाबाई शुक्रवारी सकाळी आल्या, त्या लग्नकार्यात नेसायचे लुगडे नेसून, काखेत घरी केलेल्या ज्वारीच्या पापडांचे, बिबड्यांचे गाठोडे घेऊन. मुलगा पहिला आला म्हणून मोठ्या सरांनी सत्काराला बोलावले, अशीच त्यांची समजूत होती. काबरे सरांच्या टेबलावर त्यांनी गाठोडे ठेवले. "तळीसन खाज्यात, आबा. घरन्या शेतस."

सर अवघडले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. टेबलाच्या एका बाजूला अभिमन खाली मान घालून उभा होता, दुसऱ्या बाजूला लीलाधर.

"यशोदाबाई, शर्यतीच्या दिवशी तुम्ही याला पाणी पाजलंत का?"

"याले?" बाईंनी मुलाकडे पाहिले. "नही. यानी पिधंच नही."

लीलाधरच्या तोंडून निघून गेले, "मी पाहिलंय, सर! तांब्या तोंडापर्यंत नेला होता."

"नेला व्हता ना," बाई उत्साहाने म्हणाल्या. सत्कारात ही हकीकत सांगायचीच असते, असे त्यांना वाटले असावे. त्या उठल्या, टेबलावरचा सरांचा पेला उचलून त्यांनी अभिमनच्या तोंडाभोवती तीनदा फिरवला आणि बाजूला पाणी टाकल्याची खूण केली. "आसं ववाळीसन टाकी दिधं. बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं व्हतं. पोऱ्याले नजर लागती का नही?"

सरांनी चष्मा काढला आणि पुसला. ओवाळून टाकलेले पाणी! त्याला साहाय्य म्हणावे असे कोणत्याच कलमात नव्हते. शंभर पावलांवरून लीलाधरला घागर दिसली, तांब्या दिसला, सांडलेले पाणी दिसले. तांब्याचे ते तीन फेरे तेवढे दिसले नव्हते. की दिसले होते?

बाईंचे अजून संपले नव्हते. "पेवाले पानी दिधं ते याना मांगे व्हता त्याले. त्यानं तोंड सुकी जायेल व्हतं बिचारानं. दोन घोट पिधा आन् पयना."

सरांनी चष्मा परत लावला. "तो कोण? इथे आहे का?"

यशोदाबाईंची नजर फिरत फिरत लीलाधरवर आली आणि थांबली. त्याचा उतरलेला चेहरा त्यांनी पाहिला. पाणी पाजण्यात काय चुकले ते त्यांना कळले नसेल, पण समोरचे पोर भ्यालेले आहे हे कळायला कलमे पाठ असावी लागत नाहीत. त्यांनी पदर सारखा केला.

"माले याद नही, आबा. धूळ किती उडी ऱ्हायनी व्हती."

"अभिमन, तुझ्या मागे कोण होतं?"

"मी मागं पाहिलंच नाही, सर."

हे धडधडीत खोटे होते. वेशीपुढच्या वळणावर अभिमनने मान वळवली होती. लीलाधरच्या ओठांना तांब्या लागलेला असताना दोघांची नजरानजर झाली होती. म्हणजे इतके दिवस याला सारे ठाऊक होते. कँटीनमध्ये तो हसला नव्हता तेव्हाही. एका शब्दात तो तक्रारीचे तोंड बंद करू शकला असता, आणि तो गप्प राहिला.

लीलाधरच्या कानशिलांतून आग निघाली. करंडक याचा, गाव याचे, ही आई याची. आणि आता मोठेपणाही यालाच मिळायचा? आपण जन्मभर याच्या मेहेरबानीखाली वावरायचे? तेवढे तरी तो अभिमनला घेऊ देणार नव्हता.

"तो मीच, सर," तो म्हणाला. "मी पाणी प्यालो."

"लिहून देतोस?"

"देतो."

अभिमनने प्रथमच मान वर केली. "दोन घोटांनी काय होतं, सर? दुसरा आलाय तो. त्याचं पदक कशाला काढता?"

"तू मध्ये बोलू नकोस!" लीलाधर उसळला. "तुझी शिफारस नकोय मला."

काबरे सरांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "कलमात घोट मोजायला सांगितलेले नाहीत, अभिमन. तहानलेल्याने पाणी प्यावं, यात पाप नाही. पण न पिता जे मागे राहिले, त्यांना मी काय सांगू? दुसरं पदक रद्द. मागच्या दोन वर्षांची नावं करंडकावर आहेत, ती तशीच राहतील. ती याने कमावली आहेत." आणि लीलाधरकडे न पाहता त्यांनी तक्रारीचा कागद घडी करून खणात टाकला.

लीलाधर व्हरांड्यात आला. मागून अभिमन आईला हळू आवाजात काहीतरी समजावत होता.

"पानी पिधं म्हनीसन?" यशोदाबाईंचा आवाज चढला. "पानी पिधं म्हनीसन इनाम काढी लिधं?"

त्या तरातरा आल्या आणि लीलाधरला काही उमगण्याआधीच त्यांचे खरखरीत हात त्याच्या गालांवरून फिरले. ते हात त्यांनी आपल्या कानशिलांवर टेकवले. कडकड बोटे मोडली.

"तुलेबी कोनी नजर लागनी, बाप्पा."

तो खांबासारखा उभा राहिला. कोणाची नजर कोणाला लागली, ते तिथे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही तो मागे सरला नाही. शर्यतीपायी त्याच्यावरून कोणी हात फिरवला, असे आजवर झाले नव्हते.

मग यशोदाबाई वळल्या आणि तेच हात त्यांनी अभिमनच्या चेहऱ्यावरून फिरवले. बोटे पुन्हा मोडली. लीलाधर मोजत राहिला. त्याच्या वाट्याला आली होती त्यापेक्षा ती दोन जास्त होती.