इन्साफचा शेवटचा रोजा

"अबू रनीम, काल संध्याकाळी कुनाफा हाणलात ना?" जिन्यात सतरंजी झटकता झटकता उम्म तहसीनने विचारलं. ती शेजारीण. घराची जादा किल्लीही तिच्याकडेच असायची.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रनीमनं. साखर भसकन वर गेली म्हणे. पोरगी तिकडे दोहात काळजीनं अर्धी झालीय, अन् तुम्ही इकडे गोडावर ताव मारताय!"

अबू रनीम म्हणजे रनीमचा बाप; त्याचं स्वतःचं नाव नज्मी. जॉर्डनमधल्या सॉल्ट गावच्या बाजारात शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि घरातली गोष्ट त्याने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. आता त्याच्या रक्तातली साखर त्याच्या आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळत होती. दंडावर बटणाएवढा सेन्सर चिकटवला तो मुलीने, मोबाईलमध्ये ॲप घातलं तेही तिनेच, आणि माहिती कोणाकोणाला द्यायची या प्रश्नाला भराभर 'सहमत' म्हणणारं बोटही तिचंच. मग त्याचे आकडे दवाखान्यात जाऊ लागले, रनीमकडे जाऊ लागले, जावयाकडे आणि जावयाकडून विहीणबाईंकडे. चोरी नाही, चहाडी नाही, तरी माणूस भर चौकात उघडा!

"चहा टाकू तुमचा?"

"नको, झालाय," तो खोटं बोलला.

आज त्याचा रोजा होता. त्याचा म्हणजे इन्साफचा. त्याची बायको इन्साफ गेला रमजानभर इस्पितळात पडून होती. आजाऱ्याला माफ असतं, असं इमामसाहेबांनी समजावलं, तरी तिचा जीव त्या चुकलेल्या रोज्यांत अडकला होता. "माझ्या वाटचे तू धर," असं ती जाता जाता म्हणाली, आणि त्याने मान हलवली. त्याला डॉक्टरांची उपाशी राहायला साफ बंदी. म्हणून कोणाला न सांगता, थंडीतले लहान दिवस निवडून, तो एकेक रोजा पुरा करत आला होता. आजचा झाला की इन्साफ सुटणार होती.

दुपारची नमाज आटोपून तो आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. कूस नेमकी सेन्सरच्या दंडावर. त्या हातावर झोपलात तर खोटाच आकडा येतो, असं नर्सने बजावलं होतं. पण इन्साफच्या बाजूला तोंड करून झोपायची सवय जन्माची, ती नर्सच्या सांगण्याने थोडीच मोडणार!

जाग आली ती आरडाओरड्याने. उम्म तहसीन त्याचा जबडा धरून तोंडात साखरेचं पाणी ओतत होती आणि तिच्यामागे सगळा जिना लोटला होता. पहिला घोट झोपेतच गेला. दुसरा मात्र त्याने घाबरून, जागेपणी गिळला, आणि रोजा तुटला.

"थांबा! मला काही झालेलं नाही!"

"साखर उतरली की माणूस असंच बडबडतो. गिळा मुकाट्यानं!"

तिच्या हातातल्या मोबाईलवर रनीम रडत होती. "बाबा, किती फोन केले! साखर एकदम तळाला गेली होती."

"अगं, हातावर झोपलो होतो मी! तुझ्या आईचा रोजा होता. शेवटचा!"

उम्म तहसीनने पेला खाली ठेवला. "मला काय ठाऊक हो? एका शब्दानं बोलला असतात तर..."

"बोलायला ठेवलंय काय तुम्ही? माझं सगळं तुम्हाला आधीच कळतं. एवढी एकच गोष्ट आमची दोघांची होती!" त्याचा आवाज चिरकला. "उद्या पुन्हा धरीन."

"नाही बाबा," रनीम डोळे पुसत म्हणाली. "आता नाही धरू देणार. मी सकाळपासून तुमचे आकडे बघत बसेन."

ती खरंच बघत बसली असती. आईवेगळी पोर, बाप तरी राहावा म्हणून जिवाचं रान करत होती. तिच्यावर ओरडायचं तरी कसं?

लोक खाली मान घालून निघून गेले. थोड्याच वेळात सूर्य मावळला आणि रोजा सोडायची, मगरिबची अजान झाली. मोबाईल किणकिणला. हिरव्या खुणेखाली लिहिलं होतं, 'शाबास, नज्मी! तुमची साखर आता उत्तम आहे.'

नज्मीने सवयीने पाण्याचा पेला उचलला, ओठांपर्यंत नेला आणि न पिताच खाली ठेवला.