मबरूकाने लपवलेली चड्डी

मी एक जुनी कापडी चड्डी आहे. ज्या मोठ्या माणसांना लघवी धरून ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी शिवलेली. तुम्ही आता तोंडावर हात ठेवून हसणार, हे मला ठाऊक आहे. हसून घ्या, मित्रांनो. माझी मालकीण मबरूका मात्र मला पाहून पहिली दोन वर्षं एकदाही हसली नाही. ती भीत होती. तिच्या अंगाला चिकटून राहून मीही भ्यायला शिकले.

माझा जन्म गाबेस शहराच्या बाजारामागे, दलीला शिंपिणीच्या मशीनवर झाला. आत मऊ सुती कापड, मध्ये टॉवेलचे तीन थर, बाहेरून रेनकोटाचं कापड, कमरेला दोन्ही बाजूंनी टिचबटणं. मांडीजवळचं इलॅस्टिक दलीलाने मुद्दाम सैल ठेवलं, काचू नये म्हणून. तिच्या आईला शेवटची सहा वर्षं हाच त्रास होता. त्यातूनच ती हे शिकली होती.

मबरूका तिच्याकडे आली तेव्हा आधी दार लावून घेतलं आणि मग बोलली.

"माझ्या नात्यातली एक बाई आहे, स्फाक्सला असते. तिच्यासाठी हवी आहे."

"कमर केवढी तिची?" दलीलाने विचारलं.

"असेल... माझ्याएवढी."

"आणि मांड्या?"

"त्याही माझ्यासारख्याच."

दलीलाने मबरूकाचंच माप घेतलं. मग म्हणाली, "तिला सांग मबरूकाताई, ओली झाली की लगेच बदलायची. आधी थंड पाण्यात खळबळायची, मग शिरका, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवायची आणि कडक उन्हात वाळवायची. अत्तर शिंपडायचं नाही, वास आणखी भडकतो. तीन शिवून देते, म्हणजे आलटून पालटून वापरता येतील."

"एकच दे," मबरूका घाईने म्हणाली. "तिच्याकडे लपवायला जागा नाही."

मित्रांनो, आमची सगळी दैना त्या एका वाक्यात होती.

मबरूका मेंदीवाली होती. आमच्या गाबेसमध्ये लग्न ठरलं की आधी मेंदीवालीला विचारतात आणि मगच लग्नाचा दिवस ठरतो. तिच्या हाताची रेघ केसासारखी बारीक. तीस वर्षांत तिने किती नवरीमुलींचे तळवे रंगवले याची गणती नव्हती. पण चार बाळंतपणं झाली, साठी जवळ आली, आणि खोकला आला की थेंब, शिंक आली की थेंब, खळखळून हसलं की त्याहून जास्त, असं सुरू झालं. मेंदी काढताना तर नवरीच्या गुडघ्याला गुडघा लावून तास न् तास बसावं लागतं. भोवती दहा-पंधरा बायका दाटीवाटीने. खोली बंद. आता सांगा, ज्या बाईला आपल्या अंगाच्या वासाची धास्ती आहे, तिने तिथे बसायचं तरी कसं?

मी आले म्हणून तिचे कपडे ओले व्हायचे थांबले. भीती मात्र थांबली नाही. ती मला सकाळी चढवायची आणि संध्याकाळपर्यंत काढायची नाही, कारण बदलायला दुसरी नव्हती. मला न्हाणीघरात दार लावून धुवायची, तेही नळ बारीक सोडून, सुनेला आवाज जाऊ नये म्हणून. आणि गच्चीवर घालायच्या ऐवजी कपड्यांच्या पेटीमागे, भिंतीच्या फटीत कोंबायची. तिथे ऊन नाही, वारा नाही. मी कधी पुरती वाळलेच नाही. आंबट, कुबट वास माझ्या थरांत मुरत गेला. तो वास झाकायला ती अत्तर लावायची, कपड्यांना ऊदाचा धूर द्यायची. दलीलाने नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच. तिच्या मांड्यांच्या सांध्यात लाल चट्टे उठले. चालताना ती ओठ चावायची, पण कुणाला काही सांगायची नाही.

शेवटी तिने पाणी प्यायचंच सोडलं. "पाणीच गेलं नाही, तर बाहेर काय येणार?" असा तिचा हिशोब. कामाच्या दिवशी सकाळी एक घोट, मग थेट संध्याकाळी. मला कळत होतं की हे उलटं होतंय. जे थोडंसं माझ्यात यायचं ते गडद आणि इतकं उग्र असायचं की माझे धागेसुद्धा गुदमरत. पण चड्डीला तोंड कुठे असतं?

एका दुपारी तिची पाच वर्षांची नात सिरीन मांडीवर बसली, तिने हुंगलं आणि म्हणाली, "आजी, तुला मांजरीच्या पिल्लांचा वास येतो." पोरीला मांजरीची पिल्लं फार आवडायची. तिने कौतुकानेच म्हटलं असेल. मबरूकाने तिला हळूच खाली ठेवलं. त्या दिवसापासून तिने नातीला मांडीवर घेतलं नाही.

पंधराच दिवसांनी एका मोठ्या घरच्या मेंदीला आम्ही गेलो. नवरीचा डावा हात होत आला होता. तेवढ्यात नवरीची आत्या नाक वर करून म्हणाली, "अगं, इथे कुठे मोरी तुंबलीय का? कसला वास सुटलाय!"

कुणीतरी खिडकी उघडली. कुणी म्हणालं, मासे साफ केलेत ना सकाळी. बायका हसल्या. मबरूकाची नवरीच्या मनगटावरची रेघ वाकडी गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा. ती म्हणाली, "मला बरं वाटत नाहीये, उरलेला हात उद्या काढते." आणि उठली. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्या मुलीचा उजवा हात कुणीतरी दुसरीनेच रंगवला.

त्यानंतर मबरूका म्हणायला लागली की बोटं आखडतात, मेंदी बंद. मुलगा मुन्जी जहाजावर कामाला, तो फोनवर म्हणायचा, "बरं झालं आई, आराम कर." आराम कसला, मित्रांनो! दिवसभर ती उंबऱ्यापासून दूर बसून राहायची. कुणी आलं की आत पळायची.

आणि मग ताप आला. एका सकाळी ती न्हाणीघरात गेली ती बाहेर आलीच नाही. सून रिम हिने दार ढकललं. मबरूका फरशीवर बसली होती, डोळे मिटलेले, अंग निखाऱ्यासारखं. मी अजून तिच्या अंगावरच होते. ओली, जुनाट, सगळं बाहेर सांगणारी.

रिमची जीभ तिखट. अख्खी गल्ली तिला टरकून असे. मबरूकाला सगळ्यात जास्त भीती हिचीच वाटायची. हिला कळलं की गल्लीला कळलं, मग मुलाला, मग कुठल्या तरी कोपऱ्यातली खोली आणि एकटीचं ताट. तिने डोळे उघडले आणि पहिलं काय केलं असेल? दोन्ही हातांनी मला झाकायला लागली.

"नको बघू," ती म्हणाली. "रिम, बाहेर जा. तुझ्या पाया पडते."

रिम गेली नाही. तिने टिचबटणं उघडली, मला काढून बादलीत टाकलं, कोमट पाण्याने सासूला पुसलं आणि ते लाल चट्टे पाहिले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "किती दिवस झाले, आई?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! आणि मी अशी वाघीण आहे का, की खाऊन टाकलं असतं?"

मबरूका म्हणाली, "हो."

रिम ओढणी तोंडाला लावून रडायला लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लघवीच्या जागी जंतू झालेत. पाणी न पिण्याने आणि ओलं अंगावर ठेवण्याने त्रास वाढला. औषध दिलं, चट्ट्यांवर मलम दिलं. आणि ताकीद दिली, पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं, ओलं लगेच बदलायचं, अंग कोरडं करताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. लघवी रोखून धरणारे स्नायू आवळायचा व्यायामही शिकवला. येता येता रिम दलीलाकडे थांबली आणि माझ्या आणखी चार बहिणी शिवायला सांगून आली. बाहेर पडताना कोरडी चड्डी न्यायला आणि ओली परत आणायला घट्ट तोंडाची एक पिशवीही तिने शिवून घेतली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. रिमने मला शिरक्याच्या पाण्यात भिजवलं, धुतलं आणि भर दुपारी गच्चीवर सगळ्यांदेखत दोरीवर टाकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला ऊन लागलं. खाली जिन्यात मबरूका उभी होती. "काढ गं ती, कुणी बघेल!"

बघितलंच. शेजारच्या गच्चीवरून सालहाने मान वर काढली. सालहा म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगाच.

"काय गं रिम, ही कसली जाडजूड चड्डी? कुणाची?"

मी श्वास रोखला. जिन्यातही श्वास रोखला गेला.

"माझी," रिम म्हणाली.

"तुझी? या वयात?"

"बाळंतपणानंतर होतो कुणाकुणाला त्रास. तुला शिवून हवी असेल तर माप दे."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. मुन्जीच्या बायकोला लघवी धरवत नाही. रिम पाव आणायला गेली की मागून खुसखुस यायची. ती मान ताठ ठेवून चालायची, पण घरी आली की भांडी आपटायची. मबरूका ते ऐकायची. दिवसेंदिवस तिचा ताप उतरत गेला, चट्टे वाळले, अंगाचा वास गेला. भीती मात्र गेली नाही, फक्त तिने रूप बदललं. आता ती सुनेच्या तोंडाकडे बघायलाही भ्यायची.

दोन महिन्यांनी सालहाच्या भाचीची मेंदी होती. मुलीने हट्टच धरला की मबरूकामावशीनेच काढायची. मबरूका निघाली, सोबत रिम. मी अंगावर, एक बहीण पिशवीत. ती नको नको म्हणत होती तरी रिमने दारातच दोन पेले पाणी पाजलं. वाटेत मबरूकाचे पाय तीनदा थांबले.

खोली बायकांनी भरलेली. तिने पहिली रेघ काढली. सरळ आली. दुसरीही आली. कुणी नाक मुरडलं नाही. मग सालहा पुदिन्याच्या चहाचा ट्रे घेऊन आली आणि रिमकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं रिम, गालिच्यावर जपून बस हो. नवा आहे!"

बायका खिदळल्या. रिमचं तोंड लाल झालं. मला वाटलं आता ती ट्रे उलटवते.

तेवढ्यात मबरूकाने मेंदीची काडी खाली ठेवली. मी मनात म्हणत होते, नको बाई, गप्प बस, निभावलंय आपलं.

"सालहा," ती म्हणाली, "ती चड्डी माझी आहे. या घडीला अंगावर आहे. दोन वर्षं झाली. माझ्या सुनेने माझं झाकायला स्वतःवर घेतलं. आता काय हसायचं ते मला हसा."

मला वाटलं, संपलं सगळं. मग नवरीने आपला अर्धा रंगलेला हात पुन्हा पुढे केला आणि म्हणाली, "मावशी, मेंदी वाळतेय." मबरूकाने काडी उचलली. तिने पुढची रेघ काढली. थोडी वाकडी आली. नवरीने ती तशीच ठेवायला सांगितली.

कोपऱ्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने जाताना रिमच्या कानाशी विचारलं, "पोरी, ती चड्डी शिवणारी बसते कुठे गं?"

मित्रांनो, आता माझं इलॅस्टिक सैल पडलंय, माझे थर पहिल्यासारखं शोषत नाहीत. लवकरच माझं पायपुसणं होईल. त्याचं मला दुःख नाही. पण गल्लीगल्लीत, पेट्यांमागे अजून कितीतरी जणी अंधारात ओल्या पडून असतील, या विचाराने माझा जीव घाबरतो. म्हणून सांगते. तुमच्या घरात कुणी मोठं माणूस पाणी प्यायला टाळत असेल, गर्दीत जायला बिचकत असेल, न्हाणीघरात फार वेळ लावत असेल, तर चारचौघांत "कसला वास येतोय?" असं विचारू नका. जवळ जाऊन बसा. त्याला पाण्याचा पेला द्या. आणि त्याने धुतलेलं काही लपवून ठेवलं असेल, तर ते गच्चीवर घेऊन जा आणि दोरीवर टाका, तुमच्या स्वतःच्या कपड्यांच्या शेजारी.