तोंडाची चव गेलेला विळा

मित्रांनो, मी एक जुना, दात झिजलेला विळा आहे. माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. नाक मुरडायची पाळी खरं तर माझी आहे.

लोहाराने मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठोकलं, कानशीने घासून एकेक दात दिला. मग मी गवतवाल्या मावशीच्या मुठीत आलो. घरामागचा गावाच्या मालकीचा उतार, गोठ्यातली एक गाय आणि मी, एवढाच तिचा संसार. कापता कापता ती गुणगुणायची:

"वाकून काप रे विळ्या, मूळ मातीत राख,
आज गाईला घास, उद्या उताराला हिरवी झाक."

मूळ राखायचं, हा आम्हा विळ्यांचा धर्म. आणि काय ती गवताची चव! माझ्या पात्याला दुधाचा वास येतो, असं मावशी म्हणायची.

मग हवामान फिरलं. उन्हाळा लांबत गेला. पाऊस रुसून बसायचा, नाहीतर एका दमात कोसळून मातीच धुऊन न्यायचा. माणसांनी त्यात भर घातली. कोंब लवकर फुटावेत म्हणून कुणी उतार पेटवला, कुणी विटांसाठी माती उकरली, कुणी घरचा कचरा आणून ओतला. शी! माझ्या दातांत राख, खडे आणि प्लॅस्टिकच्या चिकट चिंध्या. उघड्या पडलेल्या जमिनीवर मग घाणेरी माजली. फुलं रंगीत, अंग काटेरी, वास उग्र. गाय तिला तोंड लावीना. मला मात्र लावावं लागलं. आजही आठवलं की शिसारी येते.

मावशीचे धाकटे दीर उताराची देखरेख करणाऱ्या गावच्या समितीचे प्रमुख. मावशी भर बैठकीत त्यांना म्हणाली, "चराई बंद करा, जाळणं बंद करा. उताराला जरा विसावा द्या, गवत परत येईल. नाहीतर माझी गाय जाते बघा."

भावजींनी मोबाइल पुढे धरला. त्यात उंचावरून काढलेला फोटो होता.

"वहिनी, बघा तरी! कसा हिरवागार आहे उतार. बंदी हवीच कशाला?"

"भावजी, हिरवं ते सगळं गवत असतं, तर तुमचा हा शर्ट कधीच गाईपुढे टाकला असता!"

सगळे खो खो हसले. भावजीही हसले. बंदी मात्र झाली नाही, आणि गाय विकावी लागली.

रिकाम्या गोठ्यातून मावशीने मला उचललं आणि ती घाणेरीच्या बुंध्याशी जाऊन बसली. "आता मूळ राखू नकोस, बाबा," म्हणाली, आणि माझं टोक मातीत खुपसलं. हे काही विळ्याचं काम नव्हे. दगडावर आपटून माझे दात तुटले. पण झुडूप मुळासकट निघालं. खाली दगडाच्या फटीत गवताचा एक बुचका होता, पिवळा पडलेला, पण जिवंत. मावशीने त्याचा तुरा चोळला आणि बी त्याच उकरलेल्या मातीत पेरलं. तेव्हापासून आम्ही दोघं रोज तिथे जातो.

मित्रांनो, लांबून हिरवं दिसलं की टाळ्या पिटू नका. वाकून बघा, वास घ्या, मग बोला. गवत कापाल तेव्हा मूळ राखा.

माझ्या पात्याला आता दुधाचा वास येत नाही.