माझ्या उघड्या जबड्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना पाणघोडा आहे, तोही सिमेंटचा. नावात पाणी असले तरी मी पाहिले ते फक्त पावसाचे आणि माळीकाकांच्या नळीतले. या बागेच्या कोपऱ्यात कित्येक वर्षे मी जबडा वासून उभा होतो. तो जबडा पाहून मुले कधी घाबरली नाहीत. घाबरायचो तो मीच.

मला एका गवंड्याने घडवले. त्याने घरे बांधली होती, पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या, पण पाणघोडा कधी बांधला नव्हता. खरे तर मी तोंड मिटलेला होणार होतो. तसा गजांचा सांगाडाही उभा राहिला होता. माळीकाका तेव्हा तरुण होते. त्यांची छोटी लेक सांगाड्यापाशी बसून रडू लागली. "हा तोंडच उघडत नाही, मग जेवणार कसा?"

गवंडी विरघळला. "रडू नको बाळा. याला एवढं मोठं तोंड करतो की तूच आत बसून भरव."

त्याने पुढचे गज कापले, वरचा जबडा तारांनी उचलून धरला, जाळी बांधली आणि सिमेंट थापले. सगळे खूश झाले. हा जबडा टिकणार कशाच्या आधारावर, हे विचारायचे मात्र राहूनच गेले.

पहिली वर्षे फार सुखाची होती. मुले माझ्या जिभेवर बसून डबे खायची, लपंडावात घशात दडायची, माझ्या दातांना टेकून रुसून बसायची. बागेत येणारा प्रत्येक जण आधी मला शोधायचा. मीही त्या कौतुकाने फुगून जायचो. पण दर पावसाळ्यात जबड्याच्या सांध्यात पाणी मुरत गेले. आतल्या तारा गंजल्या आणि माझ्या गालावर एक बारीक रेघ उमटली.

रंगारी आला की त्या रेघेत पुट्टी भरायचा आणि वरून निळा रंग फासायचा.

"ही रेघ मागच्या खेपेला एवढी नव्हती ना रे?" माळीकाका विचारायचे.

"काका, म्हातारपणी चेहऱ्याला पावडर जास्तच लागते," रंगारी म्हणायचा, आणि दोघेही हसायचे.

मला हसू येत नसे. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, अशी माझी गत झाली होती. रंगाखाली एकेक तार तुटत होती. तुटताना कट् असा बारीक आवाज व्हायचा, पण मुलांच्या गलक्यात तो कोणाच्या कानी पडत नसे.

सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती मुंगीची. इवलीशी म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. ती आजोबांबरोबर यायची आणि सरपटत थेट माझ्या घशापर्यंत जायची. "आज पण उपाशी? थांब," असे म्हणून माझ्या जिभेवर बिस्किटाचा तुकडा ठेवायची. वर तो जबडा लटकत असायचा. मला मूठ नाही, तरी मी जीव मुठीत धरून ती बाहेर पडण्याची वाट पाहायचो. तोंड सदा उघडे असून एक शब्द बोलता येत नाही, याचे दुःख तुम्हाला कसे सांगू?

एक दिवस बागेचा आराखडा करणाऱ्या बाई आल्या. इथे मुलांसाठी सिमेंटच्या प्राण्यांची नवी बाग होणार होती. बाईंची रीत निराळी होती. कागदावरचे प्राणी त्या पांढऱ्या फक्कीने जमिनीवर आखायच्या, अगदी खऱ्या मापाचे, आणि मुलांना त्या रेघांवरून पळायला लावायच्या.

"कागदावर सगळंच छान दिसतं," त्या म्हणाल्या. "पोरं कुठे धडपडतात ते जमिनीवरच कळतं."

हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी आखली गेली, चढायला कासव आले, रांगत जायला देवमाशाचे पोट आले. माझ्या पायाशी मात्र नुसती एक फुली पडली. क्षणभर वाईट वाटले. मग हायसे वाटले. मोडा मला, पण लवकर मोडा, असे मी मनात म्हणालो.

मुंगीने ती फुली पाहिली. ती फुलीवर फतकल मारून बसली आणि फ्रॉकने ती पुसू लागली. तिचे पाहून बाकीची मुलेही येऊन बसली.

"जुनं ते सोनं. राहू द्या की," आजोबा म्हणाले.

बाईंना हसू फुटले. "बरं बाबा, राहू दे. याच्यात मावता तरी किती जण? बसून दाखवा पाहू."

माझ्या काळजाचे पाणी झाले. मुंगी सगळ्यांत आधी आत शिरली. तिच्यामागून इतर मुले घुसली. दोघे माझ्या डोक्यावर चढले. "सरका, सरका," असे ओरडत ती दाटीवाटीने बसली. कट्. एक तार गेली. पाठोपाठ दुसरी गेली.

मुले मोजायला बाई वाकल्या होत्या. पुट्टीची एक खपली त्यांच्या हातावर पडली. एका बाजूने निळी होती, दुसऱ्या बाजूने गंजाने तांबडी. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"आता उलटा खेळ. डोक्यावरचे आधी उतरा, हळूच. मग जो शेवटी शिरला तो पहिला बाहेर. कोणी उडी मारायची नाही."

एकेक करून मुले बाहेर आली. आत राहिली फक्त मुंगी.

"मी नाही येणार," ती घशातून म्हणाली. "मी आले की तुम्ही याला तोडाल."

"मुंगे, ये गं," आजोबांनी हात आत घातला.

बाई गवतात पालथ्या झोपल्या आणि आत पाहत म्हणाल्या, "तुझ्याशी खोटं नाही बोलणार. याचा वरचा जबडा काढावाच लागेल. तो आतून मोडलाय."

मुंगीने वर पाहिले. "दुखतंय का रे?" तिने मला विचारले.

कट्.

या वेळी बागेत शांतता होती. तिने तो आवाज ऐकला. इतक्या वर्षांत माझे ऐकणारी ती पहिलीच.

"मग काढा," ती म्हणाली. "पण बाकीचा राहू दे." आणि सरपटत बाहेर आली. तिची एक चप्पल आतच राहिली.

माळीकाका टेकू आणायला धावले. टेकू येण्याआधीच जबडा खाली आला.

धूळ बसल्यावर आजोबा ती चप्पल काढायला वाकले. ती निघाली नाही. मग ते तिथेच खाली बसले आणि मुंगीला पोटाशी धरून बराच वेळ उठले नाहीत.

आता नवी बाग फुलली आहे. माझ्या तोंडाचा फक्त खालचा जबडा उरला आहे आणि त्यात वाळू भरली आहे. मुले वाळूत किल्ले करतात आणि मला सुखाने झोप लागते. लागायची, असे म्हणायला हवे. कारण चार पावसाळे झाले आणि परवा समोरच्या देवमाशाच्या पोटातून मला ओळखीचा आवाज आला. त्याच्या गालावर एक बारीक रेघ दिसते आहे. आज रंगारी डबा घेऊन आला आहे.

मित्रांनो, तुम्ही आमच्यावर प्रेम करता, पण प्रेमाने गंज थांबत नाही. आम्हाला रंग नंतर द्या, आधी आमची रेघ बघा. आम्हाला ओरडता येत नाही, तुम्हाला येते.

मुंगी आता शाळेत जाते. आज ती धाकट्या भावाला घेऊन आली आहे. तो देवमाशाच्या तोंडाकडे धावत सुटला, तसा माझ्या उरल्यासुरल्या जिवाचा थरकाप झाला. पण मुंगीने धावत जाऊन त्याचा हात घट्ट पकडला. दुसऱ्या हाताने देवमाशाचा गाल चाचपला, त्याला कान लावला आणि ती रंगाऱ्याला म्हणाली, "काका, डबा उघडू नका. आधी ऐका."