आठवा खळगा

"मामा, त्या खळग्यावर पाय देऊ नका!" आरती मॅडम ओरडल्या.

सहादेवने पाय मागे घेतला. खर्ड्याच्या माळावरचा हा काळा खडक त्याच्याच बांधाला होता. जन्मभर तो त्यावर बसून भाकर खात आला होता. मॅडम मात्र पुण्याहून तिसऱ्यांदा आल्या होत्या, संशोधनासाठी त्यावरचे कोरीव खळगे टेप लावून मोजत होत्या, फोटो काढत होत्या.

"हे सात जुने खळगे म्हणजे कृत्तिका असाव्यात. मांडणी तशीच आहे," त्या म्हणाल्या. "पण खरी गंमत आठव्याची. त्याच्या कडा ताज्या आहेत, म्हणजे तो मागाहून कोरलाय. तेव्हा आकाशात नवा तारा दिसला असेल. तसं असेल तर जुन्या नोंदींशी ताडून साल काढता येईल. पुढच्या महिन्यात परिषदेत मांडणार आहे मी."

सहादेवने त्या खळग्याकडे पाहिलं. आठवा खळगा त्याच्या बायकोचा, मनकर्णाचा होता. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. लुगडी वाटून झाली होती. तिच्या हातचं उरलं होतं ते एवढंच. आता त्याचा तारा होणार, लोक लांबून बघायला येणार. त्यासाठी त्याने नुसतं गप्प बसायचं होतं.

मॅडमनी डबा उघडून त्याला अर्धी पोळी दिली. त्याने ती न खाता खडकावर ठेवली.

"मॅडम, त्यो तारा न्हाई."

"मग?"

"आमच्या हिनं केलाय. सात शेरडं हुती, त्यांना चाटाया ही सात खळग्यांत मीठ टाकायची. आठवी आली ती लंगडी. बाकीच्या तिला ढकलायच्या. मग हिनं पाथरवटाची छन्नी आनली आन् चार दिस ठोकत बसली. म्या म्हनलं, शेळीला ताट घडवतीस, आन् मला गार भाकर व्हय?"

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हनली, तुमाला कोन ढकलतंय?"

मॅडम हसल्या. मग टेप गुंडाळायला लागल्या.

"लई नुकसान झालं का वो?"

"झालं थोडं." त्यांनी वही उघडली. "कधीची गोष्ट?"

"रुपाली पोटात हुती. पस्तीस वर्सांची झाली आता लेक."

"या खडकावर साल नक्की सांगता येईल असा हा एकच खळगा, मामा. नाव काय त्यांचं?"

त्याला बायकोचं नाव घ्यायची सवय नव्हती. 

"मनकर्णा," तो म्हणाला.

मॅडमची गाडी गेल्यावर सहादेवने कोपरीच्या खिशातून मिठाची पुडी काढली. आता एकच शेळी उरली होती, लंगडीच्याच वंशातली. त्याने आठव्या खळग्यात चिमूटभर मीठ सोडलं. शेळी आली आणि सावकाश चाटत राहिली. तिला ढकलायला कोणी नव्हतं.