श्वासाच्या नळीतला बोल्ट

टाकीला श्वास लागतो, हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही तो बंद करायला लावलात. साहेब, ही तक्रार नाही, आरोप आहे, आणि तो मी तुमच्याच छापील कागदाच्या पाठीवर लिहितेय, कारण पुढच्या बाजूला तुम्ही लिहायला जागाच ठेवलेली नाही.

पुढे दोन चौकटी आहेत. पहिली: अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे, गरम झाकण उघडल्याने. दुसरी: अपघात बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, तपासणीनंतर गाडीत फेरफार केल्याने. एकीवर खूण करा, सही करा, सोमवारी बाराच्या आत आणून द्या. पहिलीवर खूण केली की माझ्या नणंदेचा गाडी चालवायचा परवाना जातो, कायमचा. दुसरीवर केली की सासऱ्यांच्या वर्कशॉपला टाळं. आणि दोन्ही धादांत खोटं.

आमच्या वर्कशॉपात हॉट रॉड बनतात. म्हणजे भंगारात निघालेल्या जुन्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, छप्पर कापून खाली बसवायचं, पुढची काच हातभर उंचीची ठेवायची आणि बॉनेट न लावता आत मावणार नाही एवढं मोठं इंजिन उघडं ठेवायचं. हौशी माणसं घेतात. मामंजी इंजिन जुळवतात, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम माझं, आणि तयार गाडी रस्त्यावर घेऊन जायचं काम वन्संचं. लग्न मोडून परत आल्या त्या दिवसापासून त्या हेच करतात. बाकी कशातही त्यांचं मन लागत नाही.

असल्या गाडीचं सगळं दुखणं तापण्यात असतं. छोट्या तोंडात मोठं इंजिन कोंबलेलं, रेडिएटरला जागा अपुरी. पाणी तापलं की फुगतं, रेडिएटरचं झाकण दाबाने उचललं जातं आणि जास्तीचं पाणी नळीतून शेजारच्या टाकीत येतं. इंजिन गार झालं की तेच पाणी परत ओढलं जातं. पाणी आत यायचं तर टाकीतली हवा बाहेर जायला हवी. म्हणून टाकीच्या वर बोटाएवढी नळी, उघडी. आम्ही तिला श्वासाची नळी म्हणतो. ॲल्युमिनियमची ती टाकी मी हाताने बनवते आणि या गाड्यांत तिला जागा एकच मिळते, चालकाच्या समोर, काचेच्या खाली.

चार वर्षांपूर्वी पहिली गाडी तपासणीला आणली तेव्हा तुम्ही त्या नळीखाली पांढरा कागद धरला होतात. दोन थेंब पडले.

"ही उघडी कशाला?"

"टाकीचा श्वास आहे साहेब."

"टाकीला श्वास? उद्या सांगाल, टाकीला सर्दी झालीय." तुम्ही हसलात, मामंजीही हसले, हसावं लागतं. मग तुम्ही म्हणालात, "बाहेर उघडणारी नळी नियमात बसत नाही. तेवढं बंद करून आणा. नंतर काय करायचं ते करा, मी काय तुमच्या घरी बघायला येतोय?"

तो नियम वापरलेलं तेल रस्त्यावर सांडणाऱ्यांसाठी आहे. मामंजींनी तसं पत्र दिलं. एक नाही, तीन. तिन्ही तुमच्या फायलीत असतील, नसली तर पोच माझ्याकडे आहे.

तेव्हापासून तपासणीच्या दिवशी नळीत बोल्ट. तुमच्याकडे इंजिन उभ्यानेच दहा मिनिटं चालतं, तेवढ्यात काही बिघडत नाही. पण बोल्ट विसरला तर जीवावर बेतेल, म्हणून मामंजींनी शिस्त लावली. बोल्ट लावणाऱ्याने स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. बोल्ट काढणाऱ्यानेच फडकं सोडायचं. फडकं दिसतंय तोवर गाडी हलवायची नाही, फडकं नाही म्हणजे बोल्ट नाही. तोंडी काही विचारायचं नाही, कारण तोंडी माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. चार वर्षांत एकवीस गाड्या या फडक्याच्या भरवशावर गेल्या.

बाविसावी परवा, बुधवारी. बोल्ट मी लावला. फडकं मी बांधलं. हे मी लपवत नाही.

तुम्ही गाडीभोवती फिरलात. आम्ही पाठीमागे तुम्हाला मोजपट्टी म्हणतो, आज तोंडावर सांगते. टायर मोजला, दिवा मोजला, माझी टाकी मोजली, नळीतल्या बोल्टाला पट्टीने टिचकी मारलीत आणि म्हणालात, "आता कसं." वन्सं शिक्क्यासाठी पलीकडच्या खिडकीपाशी रांगेत गेल्या. मला तुम्ही आत केबिनमध्ये पाठवलंत, बनवणाऱ्याची सही राहिली म्हणून. फोन बाहेरच्या टोपलीत ठेवायला लावलात. दार मागे आपोआप लागलं. ते उघडायचं बटण तुमच्या टेबलाखाली आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पाच मिनिटांनी तुम्ही आलात. हातात पट्टी होती आणि ती तुम्ही लाल फडक्याने पुसत होता.

मी विचारलं, "हे कुठलं फडकं?"

"स्टिअरिंगला काही बांधायचं नसतं बाई. नियम आहे. बसा, तीन सह्या आहेत."

"साहेब, मला बाहेर सोडा. आत्ता."

"सही केल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही. सगळ्यांना घाईच असते."

काचेतून मला वन्सं दिसल्या. शिक्का मारलेला कागद दातांत धरून त्या गाडीत चढल्या. स्टिअरिंगकडे बघितलं, मी बघताना बघितलं त्यांना. फडकं नाही. म्हणजे वहिनीने बोल्ट काढला. त्यांनी चावी फिरवली.

मी काचेवर दोन्ही हातांनी धपाधप मारलं. त्या इंजिनाच्या आवाजात ढोल वाजवला असता तरी ऐकू गेला नसता. तुम्ही म्हणालात, "अहो, ती काच आहे, दार नाही." मी सांगितलं तुम्हाला, नळीत बोल्ट आहे, फडकं म्हणजे काय, सगळं सांगितलं, एका दमात. तुम्ही म्हणालात, "मग तपासणीत ती नळी बंदच दाखवलीय ना? मग बंदच राहू दे की." आणि कागद माझ्यापुढे सरकवलात.

मी सह्या केल्या. तिन्ही. न वाचता. दार उघडायला दुसरा उपाय नव्हता. बाहेर येऊन फोन लावला, सात वेळा. उघड्या इंजिनामागे बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही.

चढावर गेली गाडी. दुपारचं ऊन, पुढे ट्रक, वेग कमी, म्हणजे रेडिएटरला वारा नाही. टाकीत पाणी आलं, हवेला जायला जागा नाही. माझा जोड सुटला नाही, साहेब. जोडाच्या बाजूचा पत्रा फाटला. कुणी विचारलं तर अभिमानाने सांगायची गोष्ट होती ही. उकळतं पाणी वन्संच्या उजव्या हातावर आणि गळ्यावर आलं. त्यांनी डाव्या हाताने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मग खाली उतरून बसल्या. कुणाला धक्का नाही, कुणाला ओरखडा नाही. या बाईला तुमचा कागद निष्काळजी म्हणतो.

आज सकाळी मी हा कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. वन्सं शेजारच्या खोलीत पलंगावर, बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या. दार उघडंच होतं.

"वहिनी, पहिलीवर खूण कर आणि चहा टाक," त्या म्हणाल्या.

"तुम्ही झाकणाला हातही लावला नव्हता."

"लावला असता तर निदान भाजल्याचं काहीतरी कारण तरी असतं. कर खूण. मी काय, बसून राहीन. गाडीतही बसूनच होते."

मामंजी खिडकीकडे तोंड करून उभे होते. "ती स्वतः म्हणतेय ना," ते म्हणाले. "वर्कशॉप गेलं तर तिघांचं जातं. परवाना गेला तर एकटीचा."

"तुम्हाला मुली किती आहेत, मामंजी?"

मी पेन उचललं, पहिल्या चौकटीवर टेकवलंसुद्धा. खोटं बोलणार नाही, टेकवलं. घर, पोट, सगळं त्या चौकटीत बसत होतं. तेवढ्यात आत नजर गेली. वन्सं छताकडे बघत पडल्या होत्या आणि चादरीखाली त्यांचा पाय क्लच दाबत होता. दाबायचा, सोडायचा. त्यांना स्वतःला कळतही नव्हतं.

मी कागद उलटा केला. पट्टी घेतली, तुमच्याच मापाची, आणि तिसरी चौकट आखली. तिच्यात लिहिलं: बोल्ट मी लावला. लावायला तपासणी अधिकाऱ्याने सांगितलं. फडकं तपासणी अधिकाऱ्याने सोडलं. तिच्यावर खूण केली आणि खाली सही केली. या वेळी वाचून.

मामंजींनी खांद्यावरून वाचलं. "हे दिलंस की टाळं लागलंच समज."

"लागू शकतं."

"तुझ्यावरही येईल. बोल्ट तुझा."

"माझाच आहे."

ते बाहेर गेले. मला वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळाने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. फाटलेली टाकी होती. पोट फुगलेलं, एका बाजूने पत्रा ओठासारखा उलटलेला, आणि वर नळीत बोल्ट, घट्ट, जसा मी बसवला होता तसा.

"ही पण ने," ते म्हणाले. "बोल्टाला हात लावू नकोस. त्यांनाच काढू दे."

आतून वन्सं म्हणाल्या, "आणि चहाचं काय झालं?"

तर साहेब, सोमवारी बाराच्या आत मी येतेय. टाकी टेबलावर ठेवीन. तुमच्या तिन्ही कागदांवर माझ्या सह्या आहेत, त्यामुळे आता तुमची एक सही मला हवीय. फडकं तुम्ही टेबलाच्या डाव्या खणात टाकलंत, मी बघितलंय. चार वर्षं ते आमच्याकडे एकच काम करत होतं, माणूस जिवंत घरी पोचवायचं. ते तुम्ही कुणाला विचारून सोडलंत? तोंडी नको. लेखी सांगा, तारीख घालून, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी त्या खोलीतून हलणार नाही. दार तुम्हीच लावा.